रक्तविकारावरची रोजची गोळी, वाढते वजन आणि न जाणारा थकवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे ज्याला आपण सगळे सीएमएल म्हणतो, त्या रक्ताच्या कर्करोगासाठी मी २०१२ पासून रोज रात्री जेवणानंतर इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी घेते. दर तीन महिन्यांनी साताऱ्याहून मोठ्या शहरातील रुग्णालयात तपासणीसाठी जाताना ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, आणि जे सुरुवातीची काही वर्षे मी स्वतःही विचारायला संकोचत होते, ते येथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. येथे लिहिलेले वाचून कोणीही गोळीची मात्रा परस्पर बदलू नये. परंतु डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे, हे ठरवण्यासाठी याचा उपयोग व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

हा आजार नेमका काय आहे, आणि गोळी इतकी वर्षे का घ्यावी लागते?

सीएमएलमध्ये अस्थिमज्जेतील एका मूळ पेशीत ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून तयार झालेले आखूड गुणसूत्र १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील संशोधकांना प्रथम दिसले, म्हणून त्याला त्या शहराचे नाव मिळाले. ही अदलाबदल आहे हे संशोधक जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखवून दिले. या अदलाबदलीमुळे बीसीआर-एबीएल नावाचे प्रथिन तयार होते आणि ते पांढऱ्या पेशींना सतत ‘वाढत राहा’ असा आदेश देत राहते. इमॅटिनिब हा आदेशच रोखते. अमेरिकेत मे २००१ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली आणि ज्या आजारात पूर्वी रुग्णाच्या हाती मोजकीच वर्षे असत, त्यात सर्व चित्र पालटले. इमॅटिनिबच्या मुख्य चाचणीत ज्यांना हे औषध दिले गेले, त्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते.

पण गोळी आदेश रोखते, मूळ पेशींचा समूळ नाश करते असे नाही, म्हणून ती चालू ठेवावी लागते. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बऱ्याच लहान वयात, अनेकदा तिशी-चाळिशीत आढळतो. नोकरी, शेती, मुलांच्या शाळा हे सगळे सांभाळत पुढची पंचवीस-तीस वर्षे या गोळीबरोबर काढायची असतात. म्हणूनच वजन आणि थकवा यांसारख्या ‘किरकोळ’ समजल्या जाणाऱ्या तक्रारींना आपल्या आयुष्यात एवढे महत्त्व येते.

इमॅटिनिबमुळे वजन खरोखरच वाढते का?

अनेकांचे वाढते, पण त्यामागे एकच कारण नसते आणि सगळा घोळ येथूनच सुरू होतो.

पहिले कारण असे की निदानापूर्वी आजारामुळेच वजन उतरलेले असते. प्लीहा वाढून पोटावर दाबत असते, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे होते, रात्री घाम येतो. गोळी सुरू झाली की प्लीहा आकसते, भूक परत येते आणि गेलेले वजन भरून निघते. ही वाढ स्वागतार्ह आहे. दुसरे कारण म्हणजे शरीरात साठणारे पाणी. इमॅटिनिब बीसीआर-एबीएलबरोबर शरीरातील इतर काही संदेशवाहक प्रथिनांनाही अडवते. त्यांपैकी काहींचा संबंध सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि त्यांभोवतीच्या ऊतींतील द्रवाच्या समतोलाशी आहे, आणि त्यामुळे डोळ्यांभोवती व पायांवर सूज येते. तिसरे कारण खरीखुरी चरबी: मळमळ टाळण्यासाठी सतत काहीतरी तोंडात टाकण्याची लागलेली सवय, थकव्यामुळे कमी झालेली हालचाल, वाढते वय, आणि ‘आजारी माणूस आहे, खाऊ दे’ म्हणून घरच्यांनी प्रेमाने वाढलेले ताट.

या तिन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. पाण्याच्या वजनासाठी पोळी कमी करून उपयोग होत नाही, आणि चरबीसाठी पाणी कमी पिऊन तर नुकसानच होते.

वाढलेले वजन पाण्याचे आहे की चरबीचे, हे घरी कसे ओळखावे?

पाणी दिवसांत चढते, चरबी महिन्यांत चढते. एखाद्या आठवड्यात दोन किलो वजन वाढले, तर ते जेवणाने वाढलेले असण्याची शक्यता फार कमी असते.

मला ही गोष्ट पायातल्या जोडव्यांनी शिकवली. गोळी सुरू होऊन चारेक महिने झाले असतील. संध्याकाळी जोडवी बोटात रुतू लागली, आणि एका रात्री साबण लावूनही निघेनात. सकाळी उठल्यावर मात्र तीच जोडवी सैल असत आणि सूज डोळ्यांवर चढलेली असे. पापण्या अशा फुगलेल्या की रात्रभर रडल्यासारखा चेहरा दिसे. दिवसभर उभे राहिल्यावर पाणी पायांत उतरते आणि रात्री आडवे झाल्यावर ते चेहऱ्याकडे, विशेषतः डोळ्यांखालच्या सैल त्वचेत साठते. चरबी अशी सकाळ-संध्याकाळ जागा बदलत नाही.

नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरावे. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला, तर ती पाण्याची सूज आहे. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वण, घट्ट होणारी अंगठी, संध्याकाळी न चढणारी चप्पल या त्याच खुणा होत. उलट, पोटाचा घेर हळूहळू वाढत असेल, परकराची नाडी किंवा पट्ट्याचे भोक महिन्या-दोन महिन्यांनी सरकत असेल, आणि नडगीवर खळगा पडत नसेल, तर ती बहुधा चरबी समजावी.

वजन करताना वेळ एकच ठेवावी: सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. मी आठवड्यातून दोनदा करते आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरच तारखेच्या चौकोनात आकडा लिहिते. एका दिवाळीत फराळाच्या आठवड्यात माझे वजन २.६ किलोंनी चढले. चिवडा, शेव आणि चकलीतल्या मिठाची ती करामत होती. मीठ आवरल्यावर पाचव्या दिवशी काटा होता तेथे परत आला. पण त्याच दिनदर्शिकांवर दोन वर्षांत सहा किलो हळूहळू चढलेले दिसले, आणि ते मात्र मीठ आवरून उतरले नाहीत.

नातेवाईक म्हणतात की तब्येत छान झाली आहे. मग काळजी कशाला करावी?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. इमॅटिनिबने चेहरा किंचित सुजतो आणि अनेकांच्या त्वचेचा रंगही फिकट होतो, कारण त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींवरही औषधाचा परिणाम होतो. लग्नकार्यात भेटलेली माणसे भरलेला चेहरा आणि उजळलेला रंग पाहून ‘आता कशी तब्येत सुधारली!’ असे म्हणतात, तेव्हा त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हे दोन्ही औषधाचे परिणाम आहेत, प्रकृतीचा दाखला नव्हे. तब्येत कशी आहे हे रक्ताची गणना आणि बीसीआर-एबीएलचा पीसीआर, म्हणजे रक्तात आजाराच्या पेशी किती उरल्या आहेत हे मोजणारी तपासणी, सांगते. फिकट झालेल्या त्वचेला ऊनही लवकर बाधते, म्हणून दुपारी बाहेर पडताना डोक्यावर पदर, टोपी किंवा छत्री असू द्यावी.

कोणत्या लक्षणांसाठी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे?

आठवडाभरात वजन दोन किलोंनी किंवा त्याहून अधिक वाढले. चालताना किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला आणि उशा वाढवाव्या लागल्या. सततचा कोरडा खोकला, छातीत दुखणे, पोट फुगून घट्ट होणे, लघवी कमी होणे, एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखणे, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी होणे, ताप, अंगावर निळेजांभळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी फोन करावा. दम लागणे किंवा छातीत दुखणे असेल, तर फोनवर न थांबता सरळ रुग्णालयात जावे. क्वचित प्रसंगी पाणी फुप्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती साठते. इमॅटिनिबऐवजी डॅसॅटिनिब घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाभोवती पाणी साठण्याचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे त्यांनी दम आणि खोकल्याकडे विशेष लक्ष द्यावे.

मीठ किती कमी करावे? सैंधव चालते का?

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सर्व मार्गांनी मिळून दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, म्हणजे सपाट चमचाभरही नव्हे. आपल्या घरांत आमटी-भाजीतले मीठ हा या हिशेबाचा एकच भाग असतो. लोणचे, पापड, खारवड्या, ठेचा, सुके बोंबील, फरसाण, खारी, पाव, ताकात वरून घातलेले मीठ, आणि बाजारातले तयार सूप व नूडल्स हा उरलेला मोठा भाग. भाजी अळणी करण्यापूर्वी या गोष्टी ताटातून काढून पाहाव्यात. माझ्या बाबतीत फक्त लोणचे, पापड आणि संध्याकाळचे फरसाण थांबवल्याने सकाळची डोळ्यांवरची सूज निम्म्याने कमी झाली. लिंबू, कोकम, ओले खोबरे, जिरे आणि कोथिंबीर यांनी चव भरून काढता येते.

सैंधव आणि पादेलोण हेही मीठच आहे. त्यांतील सोडियम शरीराला सारखेच. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचे ठरू शकते. म्हणून ते विचारूनच घ्यावे.

लघवी जास्त होण्याची गोळी घेऊन सूज उतरवावी का?

डॉक्टर काही रुग्णांना ती देतात, पण ती स्वतःहून, किंवा ओळखीच्या मेडिकलमधून घेऊ नये. त्या गोळीने पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते आणि इमॅटिनिबमुळे आधीच येणारे पायांतले गोळे आणखी वाढतात. त्याआधी आपल्या इतर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोनने पाणी साठते. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी पाणीही साठते आणि मूत्रपिंडावर ताणही येतो. दोष इमॅटिनिबला दिला जातो आणि कारण दुसऱ्याच पाकिटात असते, असे मी बाकावर एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. साध्या उपायांत पाय उशीवर उंच ठेवून अर्धा तास पडणे आणि रात्री डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवणे, हे दोन्ही उपयोगी पडतात.

चरबीचे वजन कसे आटोक्यात आणावे?

भारतीयांसाठी वजन आणि उंचीच्या प्रमाणाचा, म्हणजे बीएमआयचा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आपण कोठे आहोत हे आधी मोजावे, नुसत्या आरशावर विसंबू नये.

उपाशी राहून वजन उतरवण्याच्या पद्धती आपल्यासाठी नाहीत, कारण इमॅटिनिब भरल्या पोटी घ्यायचे असते. त्यापेक्षा ताटाची रचना बदलणे सोपे जाते. अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबीर. मटकी, मूग, हरभरा, अंडी, मासे किंवा घट्ट वरण यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात. भात आणि भाकरी दोन्ही न घेता एकच. ज्वारीची एक भाकरी, पिठले आणि मेथीची भाजी हे जेवण कोणत्याही विकतच्या डाएटपेक्षा कमी नाही. मळमळ होते म्हणून चहाबरोबर दिवसातून चार वेळा बिस्किटे खाल्ली जात असतील, तर त्यांच्या जागी भाजलेले फुटाणे किंवा मुरमुरे ठेवून पाहावेत. मात्र ते बिनमिठाचे असावेत. महिन्याला एखादा किलो उतरला तरी पुरेसे आहे. वजन प्रयत्न न करता झपाट्याने उतरू लागले, तर आनंद न मानता डॉक्टरांना सांगावे, कारण आजार पुन्हा डोके वर काढत असल्याचेही ते लक्षण असू शकते.

थकवा गोळीचाच असतो का?

इमॅटिनिबने थकवा येतो, हे सर्वमान्य आहे. परंतु ‘गोळीचाच असणार’ असे म्हणून शोध थांबवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. पाचव्या वर्षी मला जिना चढताना मध्ये थांबावे लागू लागले. मी आठ महिने ते गोळीच्या खात्यावर टाकले. पुढे तपासणीत बी-१२ फारच कमी निघाले, आणि इंजेक्शनांनंतर दीड-दोन महिन्यांत जिना पुन्हा सरळ चढता आला. ते आठ महिने मी उगाच घालवले.

म्हणून डॉक्टरांशी बोलून कारणे एकेक तपासून घ्यावीत. हिमोग्लोबिन पाहावे, इमॅटिनिबमुळे ते थोडे खाली राहू शकते, पण ते लोह कमी झाल्यामुळेच असते असे नाही, म्हणून लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. पुढे थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, रक्तातील साखर, मूत्रपिंडाचे काम सांगणारे क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, आणि विसरला जाणारा फॉस्फेट, जो या औषधाने कमी होतो. ज्यांची थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली आहे आणि जे त्यासाठी गोळी घेतात, त्यांना इमॅटिनिब सुरू झाल्यावर त्या गोळीची मात्रा अपुरी पडू शकते. थकवा आणि वजनवाढ ही दोन्ही लक्षणे एकत्र येण्याचे ते एक नेमके कारण आहे. वजन वाढलेल्या आणि रात्री जोरात घोरणाऱ्या माणसाच्या झोपेत श्वास अडकतो का, हेही पाहायला हवे.

आणि मनाची मरगळ. सकाळी उठावेसे वाटत नाही, आवडीच्या गोष्टींत रस उरलेला नाही, रडू येते, असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर तो उदासीनतेचा आजार असू शकतो आणि त्याच्यावर उपचार आहेत. तो स्वभावाचा दोष नाही.

इतके थकलेले असताना व्यायाम कसा करायचा?

कर्करोगाशी आणि त्यावरील औषधांशी निगडित थकव्यावर जे उपाय अभ्यासांतून टिकले, त्यांत व्यायामाचा क्रमांक वरचा आहे. विश्रांतीने हा थकवा जात नाही. उलट, जितके पडून राहावे तितके स्नायू क्षीण होतात आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो.

ध्येय आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे असले, तरी सुरुवात तेथून करू नये. मी घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि परत, म्हणजे सहा मिनिटे, येथून सुरुवात केली. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवत तीन महिन्यांनी अर्ध्या तासावर आले. चांगल्या दिवशी उत्साहाच्या भरात सगळी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, ही चढउतार टाळण्यासाठी चांगल्या दिवशीही ठरवल्यापेक्षा जास्त करू नये. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे असे स्नायूंचे व्यायामही करावेत. ताप असेल, प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा प्लीहा मोठी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये.

दिवसभरातील ताकद कोठे खर्च होते, हेही पाहावे. भाजी बसून चिरावी, कपडे रोज थोडे धुवावेत, आणि सर्वांत जड काम ज्या वेळी आपल्याला बरे वाटते त्या वेळी ठेवावे. दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये. लांबली की रात्रीची जाते.

पायात गोळे येऊन रात्रीची झोप मोडते, आणि दिवसभर थकवा राहतो. काय करावे?

पोटऱ्यांत, तळव्यांत आणि हातांच्या बोटांत येणारे गोळे हा इमॅटिनिबचा अगदी परिचित त्रास आहे. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणाव्यात, दिवसभर पुरेसे पाणी प्यावे आणि गोळा आल्यास पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून धरावीत. रक्तातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम कमी असेल तर डॉक्टर ते भरून काढतात.

गोळी कोणत्या वेळी घ्यावी? उपवासाच्या दिवशी काय करावे?

इमॅटिनिब दिवसातल्या मोठ्या जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यावे. ज्यांना दिवसा मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटते, अशा काहींना रात्रीच्या जेवणाबरोबर घेतल्याने बरे पडते; मात्र गोळी घेऊन लगेच आडवे होऊ नये, निदान तासभर बसावे, नाहीतर छातीत जळजळते. वेळ बदलायची असल्यास ती कशी बदलायची हे डॉक्टरांना विचारावे.

एकादशी, नवरात्र किंवा श्रावणी सोमवारी निर्जळी उपवास करू नये आणि गोळीही टाळू नये. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, दही, राजगिरा असे पोटभर खाऊन ती घ्यावी. साबुदाण्याची खिचडी आणि वेफर यांवरचा उपवास वजन आणि मीठ दोन्ही वाढवतो, हे येथे सांगायलाच हवे. रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांना इफ्तारनंतरच्या जेवणाबरोबर ती घेता येते. तरी हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. याच आजारावरच्या निलोटिनिब या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत नियम नेमका उलटा आहे: त्याच्या साध्या कॅप्सूल दिवसातून दोनदा आणि रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही न खाता. दोन रुग्णांनी एकमेकांचे वेळापत्रक उचलू नये. ग्रेपफ्रूटमुळे इमॅटिनिबचे रक्तातील प्रमाण वाढते. पपनस त्याच कुळातले असल्याने तेही टाळलेले बरे.

वजन वाढते म्हणून एक दिवसाआड गोळी घेतली, किंवा महिन्यातून थोडी सुट्टी दिली तर चालेल का?

नाही. या पानावरचे बाकी सारे विसरले तरी हे एक उत्तर लक्षात ठेवावे.

लंडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८७ रुग्णांच्या गोळीच्या बाटलीच्या झाकणात सूक्ष्म यंत्र बसवून, तीन महिन्यांत बाटली किती वेळा उघडली गेली हे मोजले होते. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या होत्या, त्यांना सहा वर्षांत अपेक्षित खोल प्रतिसाद, म्हणजे पीसीआरमध्ये आजाराचे प्रमाण अगदी खाली जाणे, मिळण्याची शक्यता सुमारे ९४.५ टक्के होती. ज्यांनी ९० टक्के किंवा कमी घेतल्या, त्यांच्यात ती २८.४ टक्के निघाली. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकणे, इतकेच. गोळी चुकवल्याने त्या आठवड्यात सूज कमी वाटते, थकवा थोडा हलका होतो, आणि त्यामुळेच हा मोह फार फसवा आहे. मात्रा कमी करण्याचा मार्ग असतो, तो डॉक्टर पीसीआरचे आकडे पाहून आणि पुढे वारंवार तपासून घेतात.

मग औषध बदलून मिळू शकते का? कंपनी बदलल्यावर त्रास वाढला, असे होते का?

डॅसॅटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब अशी इतर औषधे आहेत, पण प्रत्येकाचे स्वतःचे दुखणे आहे. निलोटिनिबने सूज कमी असली तरी साखर आणि कोलेस्टेरॉल वाढू शकते आणि रक्तवाहिन्यांचे आजार संभवतात. म्हणजे वजन आणि मधुमेह असलेल्या माणसाला ते सोयीचे असेलच असे नाही. डॅसॅटिनिबचे फुप्फुसाभोवतीचे पाणी वर आलेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी इमॅटिनिबच्या पेटंटबाबत मूळ औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीची याचिका फेटाळली, आणि भारतात स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग खुला राहिला. त्या निकालामुळे आपल्यापैकी असंख्य जणांना आज औषध परवडते. पाकीट बदलल्यानंतर सूज किंवा मळमळ वाढली असे वाटले, तर पाकिटावरची तारीख, कंपनी आणि बॅच लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी; गोळी मात्र बंद करू नये.

गुळवेल, भस्मे, वजन उतरवण्याचे चहा किंवा इंजेक्शने घ्यावीत का?

इमॅटिनिब यकृतात पचते आणि यकृतावर ताण आणणारी दुसरी कोणतीही वस्तू आपल्याला दुप्पट महाग पडू शकते. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले नाही, पण रोज इमॅटिनिब घेणाऱ्याने हा धोका कशासाठी पत्करायचा? भाजीतली हळद चालते, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नकोत. वजनासाठी आता मिळणारी आठवड्याची इंजेक्शनेही रक्तविकारतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ दोघांच्या संमतीनेच; त्यांची मळमळ इमॅटिनिबच्या मळमळीत भर घालते.

तरुण स्त्रियांनी आणखी कशाकडे लक्ष द्यावे?

पाळी चुकली असेल आणि वजन व थकवा वाढला असेल, तर सर्वांत आधी गर्भधारणेची तपासणी करावी. इमॅटिनिब गर्भाला घातक ठरू शकते, म्हणून ते चालू असताना खात्रीचे संततिनियमन आवश्यक आहे, आणि अंगावर पाजतानाही ते घेत नाहीत. मूल हवे असेल तर त्याची आखणी डॉक्टरांबरोबर बरीच आधी करता येते; हे विचारायला लाजू नये.

गोळी कधी बंद होऊ शकते का, आणि झाल्यावर हा थकवा जातो का?

काहींची होते. अनेक वर्षे गोळी आणि निदान दोन वर्षे टिकलेला अतिशय खोल प्रतिसाद असेल, आणि सुरुवातीला दर महिन्याला खात्रीच्या प्रयोगशाळेत पीसीआर करणे शक्य असेल, तरच डॉक्टर हा प्रयत्न करतात. जवळपास निम्म्या रुग्णांत आजार परत दिसतो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर जवळजवळ सर्वांत तो पुन्हा आटोक्यात येतो. गोळी थांबलेल्या अनेकांना थकवा कमी झाल्याचे जाणवते. मात्र काहींना पहिले काही महिने सांधे आणि स्नायू दुखतात.

डॉक्टरांकडे वेळ नसतो. ही तक्रार कशी मांडावी?

एका ओपीडीत मी वजनाचा विषय काढला तेव्हा उत्तर मिळाले, ‘जीव वाचला ना, मग वजनाचे काय घेऊन बसलात?’ त्यानंतर दोन वर्षे मी काही बोललेच नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांसमोर नुसती तक्रार न करता दिनदर्शिकेची तीन पाने ठेवली: वजनाचे आकडे, सूज आलेल्या दिवसांवर लाल ठिपका, आणि थकव्याला शून्य ते दहा असे रोजचे गुण. त्यांनी ती पाने दोन मिनिटे पाहिली, ‘रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे?’ असे विचारले, आणि तीच बदलून दिली. तीन आठवड्यांनी जोडवी संध्याकाळीही बोटात फिरू लागली.